नांगराचा दोर

इदवाल दोर कापतो तेव्हा मागे बघत नाही.
छातीवरच्या म्यानातून सुरी, एक ओढ,
आणि कोरा करकरीत नांगर
अँगलसीच्या तळाशी कायमचा.

"कितीला पडला होता?" मी विचारते.
"माझ्याहून स्वस्त."

ओहोटी निघालीय दक्षिणेला, वारा तिकडूनच समोर;
दोघांच्या भांडणात पाणी उभं राहतं.
बांगडे अजून गळाला लागतायत,
हेच तर वाईट.

तो ओरडतो : झुंजू नकोस, हेलेद, तिरकी हो.
त्याला वाटू दे, तू त्याच्यासोबतच निघालीयस.
मी तिरकी होते. वल्हं हातातून निसटतं,
कयाकला बांधलेल्या दोरीवर अडतं.
सकाळी याच दोरीला हसले होते मी.

किनारा लागतो तो आमचा नव्हेच.
खडक, चार मेंढ्या, चहाचं बंद दुकान.
बोटं इतकी गारठलेली
की फोन नाकाने लावते.

पलीकडे नेरिस. तिच्यासमोर फ्रीजवर चिठ्ठी :
पाचला परत. सहापर्यंत नाही, तर कोस्टगार्ड.
घड्याळात पाच अठ्ठावन्न.

"बटाटे उकडून ठेवलेत," एवढंच म्हणते.
मग बराच वेळ
नुसता तिचा श्वास.