कांद्याचा आवाज

शनिवारी सकाळी सात वीसची गाडी,
तोरिनोहून समुद्राकडे जाणारी,
वाटेतल्या झाडाझाडाला विचारत थांबणारी.
आपण नेहमी हीच घेतो. स्वस्त पडते,
आणि हिच्या खिडक्या अजून हातानं उघडतात.

पहिल्याच महिन्यात तिकिटावर शिक्का मारायला विसरलो.
पन्नास युरो दंड.
त्यात किती किलो टोमॅटो आले असते
याचा हिशोब तू मोंदोवी येईपर्यंत मांडलास
आणि मग सावोनापर्यंत बोललीच नाहीस.

सावोनाच्या एका बोळात
भट्टीतून निघालेलं परातभर पिवळं काहीतरी
माणसं कागदात घेऊन उभ्यानं खात होती.
एक घास, आणि तुझा अबोला सुटला:
"अरे, हे तर धिरडं! हरभऱ्याच्या पिठाचं!
मिरची तेवढी विसरलेत."
भट्टीवाल्याला तू हातवाऱ्यांनी मिरची समजावलीस.
त्यानं मिऱ्यांची डबी पुढे केली.
तीन कागद रिचवलेस.
समुद्र बघायचा राहिलाच.

घर चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही.
दोन शेगड्या, त्यातली एक कायम रुसलेली.
समोरच्या ओर्नेल्लाबाई, वय वर्षं एक्याऐंशी,
मोहरी तडतडली की दार ठोठावतात,
काही फुटलं का, विचारायला.
त्यांनीच शिकवलं मला:
कांदा, गाजर, सेलरी, बारीक, एकसारखं,
आणि आच अशी, की कांद्यानं हूं की चूं करता कामा नये.
"आवाज आला म्हणजे घाई झाली."
आपल्याकडे आवाज आला नाही
तर फोडणी बसलीच नाही म्हणतात,
हे त्यांच्या भाषेत सांगता येईना,
म्हणून वरणाची वाटी ठेवली पुढ्यात.
पावानं पुसून लख्ख केली त्यांनी वाटी.
जिरं मात्र एकेक वेचून बशीच्या काठावर.

तू प्रयोगशाळेत, मी घरात.
माझ्या परवान्यावर लिहिलंय: कुटुंबीय.
तेव्हा कुटुंबीय मंडईत जातो.
मोरोक्कोचा युसूफ कोथिंबीर देता देता
मला "वकीलसाहेब" म्हणतो, घासाघीस करतो म्हणून.
कुटुंबीयानं एकदा नवलकोल समजून
बडीशेपेचा गड्डा आणला,
आणि रस्साभर बडीशेपेचा वास.
तू जेवलीस. म्हणालीस, हॉटेलातून निघाल्यासारखं वाटतंय.

आणि मग नोव्हेंबरातला तो शनिवार.
कुनेओ. संप. परतीची गाडी नाही.
धुकं असं की फलाट दहा पावलांवर संपलेला.
बाकावर बसून तू सांगितलंस,
करार वाढवत नाहीयेत. मार्चपर्यंतच.
बारा दिवस ठाऊक होतं तुला.
बारा दिवस माझ्यासमोर जेवलीस,
मीठ बरोबर आहे म्हणालीस.
मी तडतडणारच होतो.
बाकाच्या पलीकडच्या टोकाला एक म्हातारा,
मांडीवर भाजक्या चेस्टनटची पुडी.
त्याला आपलं एक अक्षर कळलं नसणार.
त्यानं अर्धी पुडी आपल्या दोघांच्या मधे ओतली
आणि पुन्हा धुक्याकडे बघत बसला.
मी एक सोललं. बोट भाजलं. तुला दिलं.
मग दुसरं.
मग तू मला एक.

रात्री अकराला बसनं पोचलो.
अंगातला कोट न काढता मी कांदा चिरला,
मंद आचेवर ठेवला.
तू शेजारी उभी, ओट्याला टेकून.
वीस मिनिटं.
कांदा गप्प. आपण गप्प.
कडेनं त्याला सोनेरी रंग येत गेला.
मार्चनंतर कुठे, हे कुणीच विचारलं नाही.
मग तूच वाकून ती रुसलेली शेगडी पेटवलीस,
तिसऱ्या काडीला लागली,
आणि म्हणालीस,
"पळी तापव. मोहरी टाक भरपूर.
उठू देत ओर्नेल्लाबाई."