मायक्रॉन

शुवैखच्या तिसऱ्या गल्लीत, दुपारी सव्वाएकला,
शेडमधला पंखा गरम हवाच ढवळतोय.
मिशारीनं कव्हर ओढलं, गाडी उघडी पडली:
जांभळी.
दोन पावलं सरकलं की हिरवी.

"किंमत सांग," म्हणाला.

खिशातून यंत्र काढलं, काडेपेटीएवढं.
पत्र्याला टेकवलं की रंगाची जाडी सांगतं.
कारखान्यातून निघालेली गाडी
शंभर, सव्वाशे बोलते.
बॉनेट : तीनशे चाळीस.
दार : दोनशे नव्वद.
मागचं मडगार्ड : अकराशे.
अकराशे म्हणजे रंगाखाली पुट्टी,
पुट्टीखाली वेल्डिंग,
आणि त्याच्याही खाली कुणाचा तरी हट्ट.

त्यानं पावत्यांची फाईल आणली,
लग्नाच्या अल्बमसारखी पान पान उलटत गेला.
हा टर्बो जर्मनीचा. ही चाकं ओसाकाची.
सीट इटलीत शिवून घेतल्या, माप पाठवून.
एकोणीस हजार दिनार, गाडीची किंमत सोडून.
मी प्रत्येक पावतीला मान डोलावतो
आणि मनातल्या मनात वजा करत जातो.

कसं सांगू?
या बाजारात बेरीज चालत नाही.
जगात अशा दोनशे बारा बनल्या, ही एकशे सातवी.
बापानं पलीकडच्या बंदरात जहाजातून उतरवली तेव्हा
हिला एक साधं, जरा बावळट स्टिअरिंग होतं,
कॅसेटची खाच,
सीटवर राखाडी कापड, मास्तरांच्या सफारीसारखं.
पैसे त्याचेच होते.
घेणारा मनामाचा असो नाहीतर म्युनिकचा,
त्या बावळटपणासाठीच विमानात बसतो
आणि उतरल्यावर पहिलं विचारतो ते मीही विचारलं,
"जुनं सामान आहे का?"

मिशारी हसला. "भंगारात गेलं. कोण ठेवतं?"

मग मी वाकून मडगार्डच्या आत अंगठा फिरवला.
वेल्डिंगचे ठिपके डावीकडे कलंडलेले,
एकसारखे, घाईत, पण पक्के.
कोल्हापुरात उद्यमनगरात काकानं पकड फेकून मारली
तरी माझा डावा हात सुटला नाही.

चौदा वर्षं झाली.
याच गल्लीचं ते टोक, मालक बशीर, रात्रीचे दोन.
एक पोरगा टूलबॉक्सवर बसून केळं खात म्हणत होता,
अजून रुंद, अजून.
ग्राइंडर टेकवला तेव्हा पत्रा असा ओरडला
की मीच क्षणभर थांबलो होतो.
जादा कामाचे वीस दिनार मिळाले.
माझ्या तोंडावर मास्क होता.
त्यानं मला ओळखायचं काही कारण नाही.

"आठ हजार," मी म्हटलं. "फार तर साडेआठ."
तो चिडेल असं वाटलं होतं.
त्यानं फाईल मिटली, तिचं रबर दोनदा लावलं, दोनदा निसटलं.
"आणि तशीच ठेवली असती तर?"
मी यंत्र बंद केलं.
आकडा मला माहीत होता, त्यालाही माहीत होता.
बाहेर कुणीतरी उगाच इंजिन रेस करत होतं,
आम्ही दोघं ते संपायची वाट पाहत राहिलो.

त्या रात्री कापलेला पत्रा मी घरी नेला होता,
चंद्रकोरीएवढा एक तुकडा.
महबुल्याच्या खोलीत शेगडीमागे उभा केलाय,
भिंतीवर तेल उडू नये म्हणून.
चौदा वर्षं आमची फोडणी झेलतोय.

आज आल्या आल्या तो काढला,
साबणानं घासला, कोपऱ्यापासून सुरुवात करून.
खाली पांढरा निघाला, दुधाच्या सायीसारखा जरा पिवळट.
यंत्र टेकवलं.
एकशे अठरा.

एवढ्याशा तुकड्यानं गाडी परत होत नाही,
पत्र्याचं काम करतो, एवढं कळतं.
पुन्हा टेकवलं, दुसऱ्या टोकाला.
एकशे अठरा.
"अरे सुभान्या, मोजतोस काय," आतून यशवंता ओरडला,
"जिरं जळतंय."
तुकडा पुसला
आणि होता तिथं उभा केला.