पावतीतला नवा रकाना

माझ्या खिडकीला गज आहेत
आणि खाली हात जाईल एवढी फट.
त्या फटीतून नोटा येतात.
काही बँकेतून सरळ, कडक,
काही दमट, कोपऱ्याला एखादा खवला चिकटलेला.
त्या मी पंख्याखाली पसरते,
वर टाचण्यांची डबी ठेवते, सुकल्या की मोजते.
पेटीत दोन्ही शेजारी-शेजारी झोपतात.

जून हा हर्णैला अवघड महिना.
एक तारखेला बोटी वर ओढतात,
इंजिनं उघडून ठेवतात,
आणि पंधराला शाळा पहिला हप्ता मागते.
समुद्र बंद, फी चालू.
हे वेळापत्रक कुणी आखलं ठाऊक नाही,
त्याने कधी जाळं तुणलं नसावं.

यंदा पालकसभेत कराचं निघालं.
खासगी शाळेच्या फीवर कर बसणार म्हणे.
बसेल, नाही बसणार, वरती वाद चाललाय.
वरती म्हणजे कुठे, ते कुणी सांगेना.
माइक मध्येच खरखरत होता.

मुरुडचे रिसॉर्टवाले जोगळेकर उठले :
‘शिक्षण म्हणजे काय हॉटेलची खोली आहे,
कर लावायला?’
खोल्यांचा कर ते भरतात.
भरतात, असं तेच सांगतात.

पाजपंढरीची चंद्रभागा चोगले बसूनच बोलली :
‘बर्फाला कर, डिझेलला कर, जाळ्याच्या दोऱ्याला कर,
आता पोराच्या ए-बी-सी-डीला पण?
मग बंदरावरच लिलाव लावा की.
पाचवी अ ची पाटी केवढ्याला?’
सगळे हसले. ती हसली नाही.

इम्तियाज मुकादम शाळेचीच बस चालवतो.
तो म्हणाला, ‘माझी तीन पोरं इथे.
कर आला तर एकाला काढीन.
धाकटीला.’
इतकं सहज म्हणाला
की त्याच्यानंतर थोडा वेळ कुणीच उठलं नाही.
धाकटी तिसरीत आहे.
माझ्या खिडकीच्या गजांना लोंबकळून विचारते,
बाई, पैसे मोजून तुमचा हात दुखत नाही?

रस्त्यापलीकडच्या जिल्हा परिषद शाळेचे घाग गुरुजी
दारातच उभे होते. बोलावलं नव्हतं त्यांना.
म्हणाले, ‘घ्या कर. चार पैसे इकडे येऊ देत.
माझी अकरा पोरं, सत्तावीस कौलं फुटलेली.’
‘येतील कशावरून?’ मागून कुणी विचारलं.
गुरुजींनी चष्मा पुसला.
‘हो,’ म्हणाले, ‘तेही आहेच.’

मी बोलले नाही.
क्लार्कने सभेत बोलायचं नसतं, इतिवृत्त लिहायचं असतं.
पण त्या अकरांतला एक माझा आहे, श्रीरंग.
या शाळेच्या पगारात या शाळेची फी बसत नाही,
हे मोठ्याने म्हटलं की विनोद होतो,
म्हणून म्हणत नाही.

रात्री मात्र हिशेब घातला.
जोगळेकरांच्या करातून
माझ्या मुलाच्या डोक्यावर एखादं कौल येईल कदाचित.
आणि मुकादमची धाकटी
दप्तर घेऊन रस्ता ओलांडेल,
श्रीरंगच्या बाकावर येऊन बसेल.
पट बारा होईल. गुरुजी खूश होतील.
कौल आलं नाही तर
दोघं मिळून एकाच गळतीखाली
डबा सरकवत बसतील.
वजाबाकी जमली, उत्तर खाली उतरवता येईना.

काल मोठ्या सरांनी सांगितलं,
नवी पावतीपुस्तकं छापताना एक रकाना जास्त ठेवा,
उद्या धावपळ नको.
दापोलीच्या छापखान्यात मी जुनी पावती पुढे केली :
सत्र, बस, संगणक, स्नेहसंमेलन,
आणि शेवटी पट्टीने आखलेली करंगळीएवढी जागा.
‘इथे काय छापू?’
म्हटलं, अजून ठरलेलं नाही.
रेघ तेवढी मारून ठेवा.

त्याने चिमटीत कागद धरून उजेडाला नेला.
म्हणाला, बाई,
रेघेचे पैसे वेगळे पडतील.