सहाशे एक्क्याण्णव

मोडेम नंबर फिरवतो, किंचाळतो, गुळण्या करतो,
मग गप्प होतो. म्हणजे लाईन ठीक.
खांबावरची तार ठीक, टेलिफोन खात्याचा डबा ठीक,
वास्कोच्या दारापर्यंत आपण पोचलो.
दारावरचा विचारतो, कोण?
आपण सांगतो.
तो म्हणतो, सहाशे एक्क्याण्णव.

कुडचड्याच्या धक्क्यावर काट्याची खोली,
कीबोर्डच्या फटीफटींत तांबडी धूळ.
खाली बार्ज भरून उभी.
वजनाची पावती वास्कोला पोचल्याशिवाय
दोर सोडायचा नाही असा कंपनीचा नियम,
आणि भरती कंपनीत नोकरीला नाही.
तांडेल मिंगेल दोनदा वर येऊन गेला,
काही न बोलता.

पुरसोबाब केंकरे खुर्चीच्या टोकावर.
एकतीस वर्षं याच काट्यावर.
काल सांजेपर्यंत लागत होतं, म्हणाले,
आज हें म्हाका वळखना.

मी पाढे म्हटल्यासारखा म्हणत गेलो:
कॅप्सलॉक? दिवा बंद.
आकड्यांची कळ? चालू.
मुदत संपली असती
तर सहाशे अठ्ठेचाळीस आला असता.
पुन्हा किंचाळी, पुन्हा गुळण्या, तोच आकडा.
अजून एकदा चुकलं तर खात्याला कुलूप,
म्हणून हात आवरला.

दारातला पोरगा पुटपुटला, विसरले असतील,
वय झालंय.
पुरसोबाबांनी चष्मा काढून पुसला.
धूळ होतीच म्हणा.

फोन एकच. बोलायचं तर मोडेम सोडावा लागतो.
पलीकडे आयरिसबाई, सर्व्हरवाली.
तुमच्याकडून कोणी केंकरे ठोठावतोय मघापासून,
या नावाचा माणूसच नाही माझ्याकडे.
काल रात्री सगळी नावं नव्याने भरली
पगारपत्रकावरून,
आणि पगारपत्रक जन्मदाखल्यांवरून.

दाखला कधीचा? मी विचारलं.
पाखल्यांच्या वेळचा, पुरसोबाब म्हणाले,
कारकुनाच्या कानाला पडलं तसं लिहिलेलं.

मग तिने एकेक अक्षर सांगितलं,
मी विडीच्या बंडलावर उतरवलं.
पी, यू, आर,
एक्स.
फुली?
फुलीच, पुरसोबाब हसले, सकाळपासून पहिल्यांदा.
मराठी शाळेत मास्तरांनी पोटफोड्या ष
छडी समोर ठेवून घोटून घेतला माझ्याकडून.
तेव्हापासून मी पुरुषोत्तम.
हा फुलीवाला पेटीत असतो,
जमिनीच्या कागदांखाली.

आडनावाला क्यू निघाला. तो शोधायला
दोन बोटांना बराच वेळ लागला.
पासवर्डाच्या वेळी मी तोंड फिरवून
काट्याकडे बघत राहिलो.
किंचाळी. गुळण्या.
कोपऱ्यात दोन चिमुकले पडदे उजळले.
पावती गेली.

बार्ज नाही गेली. पाणी वीतभर उतरलं होतं.
मिंगेल टोपी तोंडावर ओढून आडवा झाला,
रात्रीपर्यंत.

माझ्या कागदावर 'कारण' असा रकाना असतो.
सवयीने लिहिलं, वापरणाऱ्याची चूक.
पुरसोबाबांनी ते वाचलं,
सही करायला घेतलेलं पेन तसंच धरून विचारलं,
पासवर्ड सारको आसलो न्हय?
होता, म्हटलं.
मागीर तें बरय.

मी सावंतवाडीचा. मला ऐकू आलं, बरंय.
बॅग बंद करू लागलो.
त्यांनी कागद पुन्हा माझ्याकडे सरकवला,
पेनही.
बरय रे, म्हणाले.
लिही.