बारदाना वजा

अठरा वर्षं मोंढ्यात काटापट्टी लिहिते मी.
आधी भरल्या पोत्याचं वजन,
मग बारदाना वजा,
मग उरतो तो माल.
लातूरच्या बाजारात एवढ्यावरून कुणी हुज्जत घालत नाही,
पोतं काही कुणी शिजवून खात नाही.

माझं पोतं माझ्याच अंगावर राहिलं.

एकशे सोळा किलोंची मी अडुसष्टवर आले.
शुगर निघाली, तिथून सुरुवात.
पहाटे साडेचारला रिंग रोड,
गरुड चौकातली कुत्री भुंकायची थांबली,
एक भाकरी, मग अर्धी.
येळवशीला सगळे कोपीजवळ भज्जीवर तुटून पडलेले,
मी आंबिलाची एकच वाटी
दुपार कलेपर्यंत पुरवली.
आडतीतले हळूच विचारायचे,
काही मोठं दुखणं तर नाही ना, महानंदाबाई?

माल गेला.
पोट लोंबत राहिलं, रिकामं, मांडीपर्यंत.
रोज सकाळी घडी घालून परकरात कोंबायचं.
मे महिन्यात घडीच्या आत पावडर,
तरी लाल, तरी ओलं,
तरी तो वास, जो फक्त मला यायचा
की सगळ्यांनाच?
यांना एकदा विचारलं, किळस येते का हो?
वर बघत म्हणाले, लाईट गेली वाटतं.
पंखा फिरत होता.

डॉक्टरांनी उभं केलं, जांभळ्या पेनानं
या कमरेपासून त्या कमरेपर्यंत रेघ ओढली.
म्हटलं, बेंबी पण काढणार?
नाही, म्हणाले, ती देठासकट जागेवर राहते.
वरची कातडी खाली ओढायची
आणि नवं भोक पाडून तिला बाहेर काढायचं.
मला हसू फुटलं.
बेंबीच्या देठापासून ओरडणारी माणसं
लिलावात रोज बघते मी.
देठ खरोखर असतो
हे त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं.

शुद्धीवर आले तशी विचारलं, किती भरलं?
सिस्टर म्हणाली, लोक आधी पाणी मागतात, बाई.
तीन किलो आठशे.

त्या तीन किलो आठशेत
भागूच्या वेळचे टाके होते,
सरकारी दवाखान्यात रात्री घाईत घातलेले,
वाकडे.
पिवळ्या पिशवीत टाकतात म्हणे.
पुढं विचारलं नाही.
भागू मोबाईलमधून मान काढून म्हणाली,
म्हणजे मी कुठून आले ते आता नाहीच?
आणि परत मान खाली.
काय उत्तर द्यायचं असतं याला?

दोन नळ्या, दोन फुगे,
सकाळ-संध्याकाळ किती उतरलं ते वहीत लिहायचं.
इतकी स्वच्छ वही आजवर कुणी आणली नाही,
डॉक्टर म्हणाले.
तारीख, वेळ, मिलिलिटर, खाली बेरीज.
बेरीज कुणी मागितली नव्हती.

ताठ उभं राहायचं नाही, टाके ओढतात.
खाजामियाँ हमाल मोसंब्या घेऊन आले,
बायामाणसाचं ऑपरेशन, काय विचारावं,
दारातच थांबले.
मी भिंत धरून, कमरेत वाकून, बाथरूमकडं निघालेली.
बघत राहिले, मग म्हणाले,
चालायल्या तशाच चाला, बाई.
ओझं उतरलेलं पाठीला उशिरा कळतंय.
आमची तर घरी जाईस्तोवर
वाकलेलीच असतीय.

आता ताठ चालते.
साडी चापून बसते, निऱ्या मोजून सात.
पण बेंबीखाली वीतभर जागा अजून बधिर आहे.
हाताला पोट कळतं,
पोटाला हात कळत नाही.
येईल हळूहळू, म्हणतात,
कधी येतं, कधी थोडं राहून जातं.

परवा रात्री यांनी तिथं हात ठेवला.
मला काहीच कळलं नाही.
लाईट होती,
म्हणून दिसला.