नव्वद दशांश चार

केळी पिकवायच्या गोदामावर आमची खोली.
खालून गोडसर वास, वर पत्रा,
भिंतींना अंड्यांचे ट्रे, चारशे बावीस,
मीच चिकटवले खळ लावून, एका उन्हाळ्यात,
रावेरात पंख्यालाही घाम फुटला होता तेव्हा.

मनोरा म्हणतात त्याला. तसा तो जुन्या टाकीचा सांगाडा.
पन्नास वॅट. पल्ला पंधरा किलोमीटर,
इकडे तापी, तिकडे सातपुड्याचा पायथा,
पुढे नुसती खरखर.

माझं काम बोलायचं नाही, बटणं सरकवायचं.
आलेल्याला सांगतो, आकडे म्हणा, आवाज बघू.
आणि माणूस, कितीही वर्षं इथलं पाणी प्यालेला असो,
आकडे आईच्याच भाषेत म्हणतो.
होतचंदकाका: हिकु, ब, टे...
त्यांच्या कापडदुकानाचं पोरानं मोबाइलचं केलं,
अर्ध्या तासाला श्रोते सात होते, आता चार,
त्यातली एक बहीण. ती बहिरी.
सरकारी दवाखान्यातल्या लिसम्मा सिस्टर: ओन्न्, रण्ड्, मून्न्...
काट्याला खाली बसूच देत नाहीत.
रामधनी, केळीच्या गाड्या भरणारा, छपऱ्याकडचा:
एक, दू, तीन, आणि चारच्या आधी हसू.
पगार कुणालाच नाही. चहा आहे,
आणि माल उतरला असेल तर डागी केळ्यांची फणी.

मी फॉर्मवर 'मराठी' लिहितो.
घरी आई विचारते, "काय करू राह्यला रे इतल्या रात्री?"
त्या भाषेला रकाना नाही. असो.

भुरलीबाई आली बुधवारी, बाजार उरकून.
पावरीत निरोप द्यायचा होता.
सोबतच्या पोरानं सांगितलं, नवरा, रुल्या,
ऊसतोडीला बारडोलीकडे. फोन बंद.
म्हटलं, आकडे म्हणा.
ती एकेक बोट दुमडत गेली, थांबत थांबत.
दहा संपली तेव्हा पोराचं एक घेतलं.
तो म्हणाला, आकडे नाहीत हे,
तो गेल्यापासूनचे बाजार मोजतेय.
काटा जेमतेम थरथरला.

मग बोलली. तीन मिनिटं.
मला कळलं 'रुल्या', आणि एक 'बकरी' असावं.
उठताना मराठीत म्हणाली,
"पोचंल ना?"

बारडोलीच्या बाजूला तापीचं पाणी जातं,
आमचा आवाज नाही जात.
मी म्हटलं, रात्री परत लावतो, रात्री हवा मोकळी असते.

साडेअकराला लावलं.
आणि परवान्याच्या कागदावर ज्या बटणाभोवती
तांबड्या शाईचं रिंगण आहे, ते सरकवलं.
थोडं. मग आणखी थोडं.
नोंदवहीत लिहिलं: ध्वनिचाचणी.

दुसऱ्या दिवशी फोन आला,
बऱ्हाणपूरच्या पलीकडून. वरच्या अंगाहून,
जिकडून नदी येते.
ट्रकवाला होता. ती बाई कोण, विचारत होता.
एक अक्षर कळलं नाही म्हणे,
पण क्लीनरनं बटणाला हात लावू दिला नाही.
मग जरा थांबून, खाकरून,
"त्या बकरीचं काय झालं?"

विचारून सांगतो, म्हटलं.
बुधवार अजून सहा दिवस लांब होता.
बारावा.