नव्वद ते पंच्याण्णव

होळकर पुलाखाली आम्ही एक डोळा बसवला.
खरं तर कान. तो खाली आवाज सोडतो,
पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो
आणि दर पंधरा मिनिटांनी मला एक आकडा पाठवतो.
मी तिसऱ्या मजल्यावर, एसीत, स्वेटर घालून.
कंत्राट अकरा महिन्यांचं.

पहिल्या वर्षी आकडा अगदी बरोबर होता
आणि कुणीही हललं नाही.
जलपातळी ५६१.४० मी. सतर्क राहावे.
चारशे बारा फोनवर पोचला, पोचल्याच्या खुणासुद्धा आल्या,
आणि बुधवारच्या बाजारातली वांगी, ताजवे,
साखळीनं बांधलेलं एक रसाचं गुऱ्हाळ
गंगा घेऊन गेली.

चिखल उपसताना ठकूबाई पेखळे म्हणाली,
"पाचशे एकसष्ट काय? रुपये?
मारुतीच्या कुठं लागलंय ते सांगायचं ना, बाई."

म्हणून उन्हाळ्यात मी टेप घेऊन गेले.
दुतोंड्या मारुतीसमोर चपला काढल्या.
पाऊल. घोटा. गुडघा.
बेंबीला हात पुरेना तेव्हा
दर्भ विकणाऱ्या पोरानं स्टूल आणून दिलं,
"माप कशाला, मॅडम? ड्रेस शिवताय?"
त्याला काय सांगणार,
समुद्रसपाटीपासून देवाचा गुडघा किती उंच
ते मला एक्सेलमध्ये भरायचंय.

दुसाने साहेब म्हणाले, हा कॉलम अधिकृत नाही.
मी फॉन्ट बारीक केला.

पुढच्या ऑगस्टात गंगापूरहून पाणी सोडलं.
रात्री साडेअकराचा मेसेज:
मारुती, गुडघा. पहाटेपर्यंत कंबर.
एवढाच.
टपऱ्यांच्या चाकांचा खडखडाट म्हणे
पंचवटी कारंजापर्यंत येत होता.
मी ऐकला नाही. माझ्याकडे फक्त रेष होती,
डोंगर चढल्यासारखी वर जाणारी.

सव्वा वाजता रेष सरळ झाली.
दीड. पावणेदोन. सरळ.
स्क्रीन हिरवी. सरळ रेष मला तोवर आवडायची.
मी डबा उघडला, मेथीची पोळी होती,
आणि फोन वाजला.
"पोरी, तुझं मशीन झोपलं का गं?
बेंबी गेली!"

आम्हाला नंतर कळलं,
वरून वाहत आलेल्या मांडवाचं कापड पुलाच्या लोखंडात अडकलं होतं.
आवाज त्या कापडावरूनच परत येत होता.
कापड काही चढत नाही.

मी हातानं भरलं: ५६२ आणि वरचे काही.
माहितीचा स्रोत, हे रिकामं ठेवता येत नाही,
लाल चौकट येते.
मी लिहिलं, ठकूबाई.
सराफ बाजाराला मेसेज गेला, भांडी बाजाराला गेला.
दुसाने साहेबांना उठवलं,
ते लुंगीवरच गाडी काढून आले आणि काही बोलले नाहीत.

मार्चमध्ये पुण्याहून तपासणीला टीम आली.
ठकूबाई हे कोणत्या कंपनीचं मॉडेल?
मी म्हटलं, जुनं आहे. चार्जिंग लागत नाही.
ते हसले, मीही हसले,
आणि हसून झाल्यावर मला माझीच लाज वाटली.
कारण फोनला रेंज मिळावी म्हणून
ती त्या रात्री पुलावर चढून आली होती,
आणि तिची स्वतःची हातगाडी
खाली, गाडगे महाराज पुलाच्या अंगाला, तशीच राहिली.
हे तिनं मला सांगितलं नाही.
तीन आठवड्यांनी दर्भवाल्या पोरानं सांगितलं,
तेही गप्पांच्या ओघात.

आता एप्रिल आहे.
दर पंधरा मिनिटांनी तोच आकडा येतो.
मारुतीचे पाय कोरडे,
एक तोंड येणाऱ्या पाण्याकडे, एक गेलेल्याकडे,
मध्ये पोरं क्रिकेट खेळतात.
कॉलममध्ये मी रोज टाकते: पावलाखाली.
कुणी वाचत नाही, तरी टाकते.
कंत्राटाचं अजून काही कळलेलं नाही.

टेप ड्रॉवरमध्येच आहे.
नव्वद ते पंच्याण्णवमधले आकडे
शेंदरानं बुजलेत.
पुसायला गेलं की आणखी पसरतो.
राहू दे. तेवढे मला पाठ आहेत.